भिजवल्याशिवाय मोजू नका : ऑर्कनीतल्या स्केटच्या पिशव्यांच्या नोंदी

१२ ऑक्टोबर

हिवाळी वादळं सुरू झाली की इथे, स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडच्या ऑर्कनी बेटांवर, फ्लॅपर स्केटच्या रिकाम्या अंडपिशव्या किनाऱ्याला लागतात. यंदा त्या गोळा करून, मोजून, शार्क ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेच्या ‘ग्रेट एगकेस हंट’मध्ये नोंदवायच्या ठरवल्यात. हा उपक्रम २००३ पासून चालू आहे आणि त्यात कुणीही भाग घेऊ शकतं. सूचना इंग्रजीत भरपूर आहेत, पण हाताला वास लागला की काय करायचं, पिशवी अर्धीच मिळाली तर काय, हे तिथे कुणी सांगत नाही. ब्रिटनच्या किनाऱ्यालगत राहणारी मराठी मंडळी आता कमी नाहीत. त्यातल्या कुणाला करावंसं वाटलं तर या नोंदी कामाला याव्यात.

माशाबद्दल थोडक्यात. स्केट म्हणजे आपल्या पाकटाच्या नात्यातला, तळाला बसणारा चपटा मासा. शेपटीला पाकटासारखी विषारी नांगी नसते आणि पाकट पिल्लं देतं तिथे हा अंडी घालतो. फ्लॅपर हा त्यांतला सगळ्यात दांडगा. मादी अडीच मीटरच्या वर जाते, वजन शंभर किलोच्या पुढे. जगात हा मासा आता फार थोड्या जागी उरलाय, आणि स्कॉटलंडचा पश्चिम आणि उत्तर किनारा त्यातला मुख्य.

सामान: दोन बादल्या, रबरी हातमोजे, शिसपेन्सिल, वही, आणि ऑनलाइन मागवलेला दीडशे मिलिमीटरचा डिजिटल कॅलिपर, बारा पौंडांचा. हा खर्च पाण्यात गेला, पुढे येईलच.

२० ऑक्टोबर

स्कापाची पुळण. घरापासून जवळ म्हणून आधी तिथे. पाण्याच्या कडेने टोकापर्यंत जाऊन परत आले, हाती फक्त कॅटशार्क या लहान शार्कच्या पिशव्या. त्या बोटाएवढ्या, पाचसहा सेंटिमीटरच्या, चारी कोपऱ्यांना गुंडाळलेले तंतू. त्याही नोंदवायच्या असतात, टाकू नका.

चूक जागेची होती. पाण्याच्या कडेला रोजच्या भरतीने आणलेला ओला केल्प, म्हणजे मोठं समुद्री शेवाळ, असतो. मोठी पिशवी रिकामी झाली आणि वाळली की कागदासारखी हलकी होते, वारा ती उचलून वर नेतो. म्हणून सुरुवात उलटी करायची: सगळ्यात वरच्या, जुन्या वादळाने टाकलेल्या कोरड्या शेवाळाच्या ओळीपासून. तिच्याही वर गवताच्या मुळाशी आणि कुंपणाच्या तारेशी बघायचं. परतताना तसं केलं तर कुंपणाला अडकलेला एक तुकडा मिळाला. काळा, चामड्यासारखा, एका बाजूला सोनेरी तपकिरी काथ्या. घरी आणून ठेवला, तेव्हा तो काय आहे हे ओळखता आलं नव्हतं.

३ नोव्हेंबर

तीन दिवस आग्नेयेचा वारा आणि त्यात अमावास्येचं उधाण. हे दोन्ही एकत्र आलं की जायलाच हवं. स्कापा दक्षिणेला तोंड करून असला तरी आतल्या खाडीसारख्या स्कापा फ्लोमध्ये आहे, तिथे बाहेरच्या समुद्राचा माल कमी येतो. म्हणून गाडी काढून चौथ्या चर्चिल बॅरिअरला गेले. बरे आणि साउथ रोनल्डसे या बेटांना जोडणारा हा बांध. त्याच्या पूर्वेकडे इतकी वाळू साठलीय की बांध दिसतच नाही, टेकड्या झाल्यात.

पहिली अख्खी पिशवी तिथे. लांबून फुटक्या बुटाचा तळ वाटला. चार कोपऱ्यांना चार आखूड शिंगं, त्यातली दोन तुटलेली. पिशवीच्या अंगाला तीच सोनेरी काथ्या, आणि मग कुंपणावरचा तुकडा कसला होता ते कळलं.

घरी येऊन कॅलिपर लावला तर तो पुरेना. दीडशे मिलिमीटरला जबडा संपतो आणि पिशवी अजून बाहेर. फ्लॅपरसाठी तीनशे मिलिमीटरचाच घ्या, किंवा सरळ लाकडी फळीवर स्टीलची पट्टी ठोकून एका टोकाला काटकोनात ठोकळा लावा. मी फळी केली. खर्च जवळजवळ नाही, आणि फोटोत मापपट्टी आपोआप येते.

सुकी पिशवी शिंगं सोडून साडेसतरा सेंटिमीटर भरली. तेवढंच लिहून नोंद पाठवणार होते. नवऱ्याने विचारलं, “ती भिजवायची होती ना?”

४ नोव्हेंबर

भिजवणं. सूचनांत लिहिलंय म्हणून नव्हे, तर कालच्याच पिशवीने पटवलं म्हणून सांगते. रात्रभर नळाच्या पाण्यात ठेवल्यावर तीच पिशवी वीस सेंटिमीटरच्या जवळ गेली. आकार बदलला, कडा उलगडल्या, मध्ये पोट आलं.

काय नडलं ते: एक, पिशवी तरंगते. वर ताटली ठेवली तर ताटलीही हलली, शेवटी कुंडीतला दगड ठेवला. दोन, बाथटब वापरू नका. वास साबणाने जात नाही, आणि गाळणीत काथ्याचे धागे अडकून पाणी तुंबतं. बादली घराबाहेर ठेवा, रात्री पाणी गोठणार असेल तर शेडमध्ये. तीन, कॅटशार्कच्या छोट्या पिशव्यांना तासदोन तास पुरतात. फ्लॅपरच्या पिशवीचं कातडं जाड, तिला पूर्ण रात्र लागते, फार जुनी असेल तर दोन रात्री.

माप घेताना शिंगं धरायची नाहीत, कारण ती घासून तुटलेली असतात. लांबी म्हणजे दोन शिंगांच्या मधल्या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत. रुंदी सगळ्यात रुंद जागी.

९ नोव्हेंबर

या भिजवण्याचा एवढा बाऊ का, ते आज नीट समजून घेतलं. ऑर्कनीत मिळणाऱ्या बाकीच्या स्केटच्या पिशव्या, थॉर्नबॅक किंवा स्पॉटेड रेच्या, तळहाताहून लहान असतात. कुकू रेची तर शिंगं खूप लांब आणि आत वळलेली, ती लगेच कळते. घोटाळा होतो तो फ्लॅपर आणि त्याचा जवळचा नातलग ब्लू स्केट यांच्यात. ब्लू स्केटची पिशवी लहान. म्हणजे सुकून आकसलेली फ्लॅपरची पिशवी ब्लू स्केटच्या मापात जाऊन बसू शकते, आणि कागदावर आपण एका जातीची दुसरी करून टाकतो.

हा घोटाळा मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय. एकोणिसाव्या शतकात काही अभ्यासक या दोन जाती वेगळ्या धरत होते. १९२६ साली रॉबर्ट क्लार्क यांनी युरोपातल्या स्केटचा आढावा घेताना दोघांना एकाच नावाखाली घातलं, कॉमन स्केट, डिप्टुरस बॅटिस. पुढची आठ दशकं सगळ्या मासेमारीच्या आकडेवारीत एकच मासा. १९८१ मध्ये ब्रँडर या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की आयरिश समुद्रातून कॉमन स्केट जवळजवळ नाहीसा झालाय. जाळ्याने एक मासा एखाद्या समुद्रातून संपवल्याचं हे फार लवकरचं उदाहरण. तरी कुठला मासा संपला हे तेव्हा सांगताच आलं नसतं. २००९–१० मध्ये फ्रेंच आणि ब्रिटिश संशोधकांनी शरीररचना आणि डीएनए तपासून पुन्हा दोन वेगळे केले. फरक किती? ब्लू स्केटची मादी सव्वा मीटरच्या आसपास वयात येते, फ्लॅपरची दोन मीटरच्या आसपास.

या फरकाचा अर्थ सरळ आहे. समजा, जाळ्यात एक मीटर चाळीस सेंटिमीटरची मादी सापडली. ब्लू स्केट असेल तर तिने अंडी घातली असण्याची शक्यता आहे. फ्लॅपर असेल तर ती अजून पोरच आहे. दोघींचा हिशोब एकाच रकान्यात मांडला की मोठीचा ऱ्हास लहानीच्या संख्येत झाकून जातो. आणि फ्लॅपरला वयात यायलाच दशकाहून जास्त काळ लागतो, मादी दर दोन वर्षांनी साधारण चाळीस अंडी घालते असा अंदाज आहे. कॉड एका हंगामात लाखोंनी घालतो. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत फ्लॅपर आज अतिसंकटग्रस्त आहे.

तर, पिशवी भिजवा. सुकीचं माप घेतलंच असेल तर वहीत ‘सुकी’ असं लिहा, नुसता आकडा कधीच नको.

२४ नोव्हेंबर

डिअरनेसच्या वाटेवरची डिंगीशाव पुळण. इथे तुकड्यांचा ढीग. अर्ध्या पिशव्या, नुसती शिंगं, काथ्याचे पुंजके. पहिल्या दिवसापासून वाटत होतं की मोजणी म्हणजे सोपं काम. दोन अर्धे तुकडे एका पिशवीचे की दोन पिशव्यांचे?

बरेच घोळ घालून ठरवलेला नियम असा: दोन शिंगांमधली एक पूर्ण कड शाबूत असेल तरच तुकडा मोजायचा, आणि तो ‘अर्धी’ म्हणून वेगळ्या ओळीत. नुसती शिंगं आणि काथ्या मोजायच्याच नाहीत. मोजलेली प्रत्येक वस्तू उचलून न्यायची, नाहीतर पुढच्या आठवड्यात तीच पुन्हा मोजली जाते. (हे झालं. वहीतली एक ओळ खोडावी लागली.)

पिशवी रिकामी कशी झाली हेही बघता येतं, म्हणून घाईने धुऊ नका. पिल्लू बाहेर पडलं असेल तर शिंगांच्या मधली एक कड ओठांसारखी उघडलेली असते. बाजूला सुबक गोल भोक असेल तर ते शंखाच्या गोगलगाईचं काम. ती कातडं कोरून आतलं बलक खाते. आजच्या एका पिशवीला दोन्ही कडा बंद आणि मध्ये भोक. आतलं पिल्लू काही बाहेर आलेलं नाही.

पण रिकाम्या पिशवीवरून एवढंच. ती कधीची, कुठून वाहत आली, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. कातडं चिवट, वर्षानुवर्षं टिकतं. ‘या खाडीत इतकी अंडी’ असं मी दोन फोनवर आनंदाने सांगून बसले होते. आता नुसतं ‘या किनाऱ्याला इतक्या पिशव्या लागल्या’ म्हणते.

डिसेंबर

जवळपास वाया. सकाळी नऊनंतर उजाडतं, सव्वातीनला सूर्य मावळतो, आणि कामाच्या दिवशी दोन्ही वेळा मी कार्यालयात. शनिवार-रविवार उरतात, त्यात उधाण आणि उजेड जुळायला हवा. एका रविवारी अगदी जुळलं तर लाटा वरून येत असल्याने चौथ्या बॅरिअरच्या वाटेवरचा दुसरा बॅरिअर वाहतुकीला बंद. पलीकडे जायला दुसरा रस्ताच नाही. गाडीत बसून चहा प्यायला आणि परतले. भरतीचं कोष्टक बघाल तसं बॅरिअर उघडा आहे का तेही निघण्याआधी बघा.

या रिकाम्या वेळात लेबलांचा प्रश्न सोडवला. साध्या कागदावर जेलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या ओल्या पिशवीबरोबर ठेवल्याने सगळ्या निळ्या झाल्या होत्या, ठिकाणं आठवून लिहावी लागली, काही आठवलीच नाहीत आणि त्या पिशव्या नोंदीतून बाद केल्या. ट्रेसिंग पेपरवर शिसपेन्सिलने लिहिलेलं पाण्यात टिकतं. सुतळीने शिंगाला बांधायचं.

११ जानेवारी

वॉल्कमिल बे. जड पिशवी. आतापर्यंतच्या सगळ्या हलक्या, ही हातात घेताच वेगळी लागली. दोन्ही कडा बंद, भोक नाही, रंग अजून हिरवट तपकिरी. हलवली नाही, पण तिरकी करताना आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. टॉर्च लावून बघितला. कॅटशार्कच्या पातळ पिशवीतून उजेड आरपार जातो, हिच्यातून काही दिसलं नाही.

इथे कुणी घाईने घरी नेऊ नये. अंडं जिवंत असू शकतं. या पिशवीत सुरुवातीला सगळं बंद असतं; पिल्लू थोडं वाढलं की शिंगांजवळच्या बारीक फटी उघडतात, आणि पिल्लू शेपटी हलवून बाहेरचं पाणी आत खेळवतं. म्हणून गोड्या पाण्याच्या बादलीत टाकणं म्हणजे मारणं. मी समुद्राच्याच पाण्यात, सावलीत ठेवली. फोटो, ठिकाण, वेळ घेतली.

शेजारचे काका, म्हणजे हाताने स्कॅलप शिंपले काढणारे निवृत्त पाणबुडे (इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाकारतात, माझ्या तोंडून काही ते येत नाही), त्यांना फोन केला. त्यांचं म्हणणं, किनाऱ्यावरून फेकू नकोस, पुढच्या लाटेला परत येईल. ही अंडी त्यांनी खाली बघितलेली आहेत: मोठ्या गोट्यांच्या आणि दगडांच्या फटीत, पंचवीस ते पन्नास मीटर पाण्यात, जिथे प्रवाह चालता असतो आणि गाळ बसत नाही. दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर त्यांनी होडीतून नेऊन तसल्या जागी जाळीच्या पिशवीतून खाली सोडली आणि जाळी ओढून घेतली. जगली का, ते कळायला मार्ग नाही. वहीत ‘जिवंत असावी, परत सोडली’ एवढंच.

संध्याकाळी वाचलं: स्कॉटलंडमध्ये माणसाच्या देखरेखीखाली ठेवलेलं फ्लॅपरचं एक अंडं ५३४ दिवसांनी फुटलं. दीड वर्ष! तेवढा काळ ती पिशवी एकाच जागी दगडात पडून राहायला हवी.

२ फेब्रुवारी

काकांकडे चहा. त्यांनी दाखवलेल्या नकाशामुळे हे सगळं कुठे जाऊन मिळतं ते लक्षात आलं. दीड वर्ष अंडं दगडात असताना त्यावरून स्कॅलपची ड्रेज, म्हणजे लोखंडी दाते असलेली जाळी, एकदा ओढली गेली तरी संपलं. म्हणून नुसती स्केटची मासेमारी थांबवून भागत नाही. युरोपात कॉमन स्केट किनाऱ्यावर उतरवायला २००९ पासून बंदी आहे, स्कॉटलंडने २०१२ मध्ये आपला वेगळा आदेश काढला. तो मोठ्या माशाला वाचवतो, अंड्याला नाही. अंड्याला वाचवायचं तर जागा राखावी लागते. पश्चिमेला लोख सुनार्ट ते साउंड ऑफ जुरा हे क्षेत्र २०१४ मध्ये स्केटसाठी संरक्षित झालं. स्काय बेटाजवळ पाणबुड्यांना शंभराहून जास्त अंडी एका ठिकाणी दिसली, तेव्हा मार्च २०२१ मध्ये ‘रेड रॉक्स अँड लॉंगे’ तातडीने संरक्षित केलं आणि २०२३ मध्ये ते कायम झालं.

मोठ्या माशांची मोजणी वेगळी होते. गळाने धरून सोडणारे लोक पाठीचे फोटो काढतात. पाठीवरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, त्यावरून ओबानच्या संशोधकांनी ‘स्केटस्पॉटर’ नावाची यादी केलीय आणि त्यात दोन हजारांहून जास्त मासे ओळखलेत. होडीला जाणारे असाल तर ते करा. मला समुद्र लागतो.

१ मार्च

ऑनलाइन नोंदी. फोनने ठिकाण आपोआप भरलं आणि तीन नोंदींत माझं घर किनारा म्हणून गेलं, कारण फोटो घरी काढले होते. फोटो घरी काढा, पण ठिकाण हाताने नकाशावर टोचा. परत आलेल्या प्रश्नांतले बहुतेक फोटोंविषयी: फक्त वरची बाजू दाखवली होती. दोन्ही बाजू, आणि मापपट्टी बाजूला नव्हे तर पिशवीच्याच पातळीत हवी, नाहीतर माप खोटं दिसतं. ओली पिशवी फ्लॅशखाली चमकते. खिडकीशी, फ्लॅश बंद.

साठवण: पूर्ण वाळवल्याशिवाय डब्यात घालू नका. जिन्याखालच्या प्लॅस्टिक डब्यात पांढरी बुरशी आली, त्यातल्या काही फेकल्या. आता दोन जाळ्यांमध्ये दाबून शेडमध्ये टांगते, मग कागदी पिशवीत.

८ मार्च

वेंगुर्ल्याहून आत्याचा फोटो. मी पाठवलेल्या फोटोंवर तिचा आधीचा प्रश्न होता, “ह्यां काय गो? आणि कशाक जमवतंस?” आता तिच्याच पुळणीवर कुणाला तरी तसलंच काही मिळालंय. बोटभर लांब, तपकिरी. मापाची पट्टी नव्हती, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून पुन्हा फोटो मागवला. स्केट नव्हे, आपल्याकडच्या उथळ पाण्यातली बांबू शार्क अशी अंडी घालते, तिची असावी. पाकटाची कधीच नसणार, हे आत्याला समजावावं लागलं नाही. पाकट चिरताना पोटात पिल्लं निघालेली तिने किती वेळा बघितलीत. कोकणात कुणाला अशी पिशवी मिळाली तर मोजायची रीत हीच: आधी बंद आहे का, जड आहे का बघा, रिकामी असेल तरच भिजवा, मापपट्टीसकट दोन्ही बाजूंचे फोटो.

२३ मार्च

वादळं ओसरली, पुळणीवर आता नुसता प्लॅस्टिकचा दोर. हंगाम आवरते. बारा पौंडांचा कॅलिपर कॅटशार्कच्या पिशव्यांना वापरला जातोय, म्हणजे अगदीच वाया नाही. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो गाडीने. भिजवणं आणि फोटो मिळून त्याच्या निम्मासुद्धा नाही.

पुढच्या ऑक्टोबरला बदलायचं: फक्त बाहेरच्या समुद्राला तोंड असलेल्या तीन पुळणी धरायच्या आणि त्या दर उधाणाला पुन्हापुन्हा बघायच्या. यंदा दर वेळी नवी जागा शोधत फिरल्याने कुठे वाढलं, कुठे घटलं हे काहीच ताडता येत नाही. तुकड्यांचा नियम तोच ठेवायचा, मधेच बदलायचा नाही. आणि जिवंत पिशवी मिळाली तर काकांचा फोन लागला नाही असं होऊ नये म्हणून बंदरातल्या आणखी एका होडीवाल्याला आत्ताच विचारून ठेवलंय.